बुधाचा साक्षीदार

सांडोर, वसई
सोमवार, २ फेब्रुवारी २०२६

प्रिय प्लासिड,

तू मला व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलंस. फोन लावला की बाई सांगते, समोरची व्यक्ती व्यस्त आहे. अकरा महिने कोणी एवढं व्यस्त राहू शकत नाही, हे निवृत्त पोस्टमनलासुद्धा कळतं. पत्र ब्लॉक करायची सोय मात्र अजून निघालेली नाही. फाडायची आहे, ती तू वापर. पण आधी उघडशील. तीस वर्षं मी घरोघरी पत्रं वाटली, न उघडता फाडणारा एकही माणूस पाहिला नाही.

मुद्द्याचं लिहितो. या महिन्यात बुध दिसणार आहे. साधारण दहा तारखेपासून चोवीसपर्यंत, सूर्य बुडाल्यावर अर्ध्या तासाने, पश्चिमेला. एकोणीसला सगळ्यात वर असेल, तेही क्षितिजापासून जेमतेम हातभर. दुर्बीण नको, डोळे पुरे. अर्ध्या तासात तो खाली जातो आणि पुढच्या आठवड्यात दिसेनासाच होतो.

आपल्या वहीत चार ग्रह आहेत, पाचवी ओळ रिकामी आहे. वही माझ्याकडेच आहे, लाकडी कपाटात. परवा काढून पाहिली. १८ जानेवारी २०२५, शुक्र, शनी, गुरू, मंगळ, एकाच संध्याकाळी, आणि प्रत्येकापुढे आपल्या दोघांच्या सह्या. नियम मीच केला होता. मनिऑर्डर घेणाऱ्याचा अंगठा असला की शेजारी साक्षीदाराची सही लागायची, तसंच ग्रहाचं. एकट्याने पाहिलेला धरायचा नाही. दोघांनी शेजारी उभं राहून पाहिला, तरच वहीत. तू हसला होतास. "आकाशालाही पोस्टाचे नियम लावतोस का रे?" म्हणालास. पण सही वळणदार केलीस.

६ मार्चला काय झालं ते तुला ठाऊक आहे. बावखलाच्या पाण्याकाठी उभा राहून तू ओरडलास, "तो बघ बुध!" ते विमान होतं. मी सही केली नाही. एवढंच झालं. एवढ्यासाठी माणूस पिढ्यांची वाडी सोडून विरारला लेकीच्या सतराव्या मजल्यावर राहायला जातो का?

आंतरदेशीय पत्रात जागा संपली. १९ तारीख लक्षात ठेव.

रामनाथ

*

सांडोर
रविवार, ८ फेब्रुवारी

प्रिय प्लासिड,

उत्तर नाही. हरकत नाही. पत्र पोचलं हे मला कळलं आहे, आणि कसं कळलं ते सांगतो.

काल दुपारी चार वाजता मी वाळत घातलेली सुकेळी बघायला मांडवाकडे गेलो. या वर्षी राजेळी केळी चांगली पिकली, ऊनही कडक आहे, चार दिवसांत मधासारखा रंग धरला. तर द्वारका मांडवाच्या आडोशाला बसून फोनवर कोणाला तरी सांगत होती, "लिहितायत की. जेवण झालं की टेबलावर बसतात. खोडतात, परत लिहितात. दहावीचा पेपर असल्यासारखं चाललंय."

मी विचारलं, "कोण आहे?"

"ज्युली."

"ज्युली? प्लासिडची?"

"दुसरी कुठली ज्युली आहे आपल्याला?"

"कधीपासून बोलताय तुम्ही?"

"कधीपासून म्हणजे? आम्ही कुठे भांडलोय?" असं म्हणून तिने फोन दुसऱ्या कानाला लावला आणि मला हाताने बाजूला केलं, कारण केळ्यांवर माझी सावली पडत होती.

अकरा महिने, प्लासिड. आपल्या बायका, रोज दुपारी चार वाजता. आपल्याला वाटत होतं दोन घरं बोलत नाहीत. प्रत्यक्षात दोन म्हातारे बोलत नव्हते, घरांचं व्यवस्थित चालू होतं. तुझ्या घरी काल काय शिजलं तेही मला आता माहीत आहे. ज्युलीचं म्हणणं असं की माझं पत्र तू दोनदा वाचलंस, आणि दुसऱ्यांदा बाथरूमचं दार लावून.

तुझ्या वाडीभोवती निळे पत्रे लागले. बावखलाच्या पलीकडच्या काठाला, जिथे तुझे अळूचे वाफे होते तिथे. पावसाळ्यानंतर काम सुरू होणार आहे म्हणे. बारा मजले. इमारत उभी राहिली की इथून पश्चिम दिसणार नाही. नारळांच्या मधली आपली ती एकच मोकळी जागा होती. म्हणून म्हणतो, हा फेब्रुवारी चांगला आहे.

ग्रुपवर मी जे टाकलं होतं, त्याबद्दल द्वारकेचं म्हणणं आहे की ते टाकायला नको होतं. एकशे चाळीस माणसं आहेत त्या ग्रुपमध्ये, निम्मी तुझ्या चर्चची, निम्मी आमच्या आळीतली. "आमच्या ड्रायव्हर मित्राने आज विमानाला बुध म्हणून हात केला. बस थांबली नाही." मला ते त्या वेळी विनोदी वाटलं होतं. एकोणीस जणांना हसू आलं होतं, मी मोजले होते.

रामनाथ

*

सांडोर
गुरुवार, १२ फेब्रुवारी

प्रिय प्लासिड,

आज जे घडलं ते तुलाच सांगण्यासारखं आहे, म्हणून परत लिहायला बसलो.

संध्याकाळी सव्वासहापासून मी बावखलाच्या काठावर उभा होतो. सूर्य गेला. पाणी तांबडं झालं, मग राखाडी. डास आले. मी हात लांब करून मुठीने मोजत होतो, क्षितिजापासून एक मूठ वर, जरा डावीकडे. माझी मूठ लहान, तुझी मोठी, हे भांडण आठवलं. गुरूपासून मंगळ तुझ्या चार मुठी आणि माझ्या पाच. शेवटी वहीत आपण "साडेचार" लिहिलं होतं, जी मूठ दोघांचीही नव्हती.

सात वाजून गेले. मला काही दिसेना. मागे द्वारका सुकेळीवर कापड घालत होती. तिने विचारलं, "काय शोधताय?"

"बुध."

"तो काय." तिने मानेनेच दाखवलं. दोन नारळांच्या मध्ये, पत्र्यांच्या वर. पिवळसर, बारीक, अजिबात न लुकलुकणारा. मी बघतच राहिलो.

"तुला कसं माहीत?"

"नाव माहीत नव्हतं. पण हा अधूनमधून असतो की. आठ-दहा दिवस येतो, जातो. सुकेळी झाकायच्या वेळेलाच येतो."

"कधीपासून बघतेस?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून."

"आणि सांगितलं नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

चाळीस वर्षं. मी आणि तू पंचांग, मोबाइल, नकाशे घेऊन दोन वर्षं वणवण केली, आणि ही बाई केळी झाकता झाकता त्याला ओळखत होती. मी वही आणली. ती म्हणाली, "आणा, मी करते साक्षीदाराची सही. मीही शेजारीच उभी होते." अगदी नियमात बसणारं होतं. मी पेन काढलं, माझी सही करायला वाकलो आणि वही मिटली.

तिने सुकेळीवरचं कापड नीट केलं. आत गेल्यावर ताट वाढताना म्हणाली, "त्याला खरं काय ते लिहून टाका. मला माहीत नाही तुम्ही काय लपवताय. पण वर्षभर सुकेळीच्या पुड्या बांधताना तुमच्या गाठी सुटतायत. आधी सुटत नव्हत्या."

उद्या लिहितो.

रामनाथ

*

सांडोर
शनिवार, १४ फेब्रुवारी

प्लासिड,

काल लिहिलं नाही. आज लिहितो. मधे रविवार येतो, म्हणजे हे तुला मंगळवारी मिळेल. पोस्टात होतो म्हणून सांगतो, बुधवारही होऊ शकतो.

६ मार्चला तू साडेसहाला आलास. हातात पालकाची जुडी होती. ती द्वारकेला दिलीस आणि बावखलाकडे चालता चालता म्हणालास, "रामनाथ, वाडीचा व्यवहार झाला. मे महिन्यात विरारला ॲंजेलाकडे जातो." मी म्हणालो, "बरं." तुला वाटलं असेल मी समजूतदारपणे घेतलं.

म्हणजे तू विमानामुळे गेला नाहीस. तुझं जायचं आधीच ठरलं होतं. पहिल्या पत्रात मी ते उलटं लिहिलं, कारण तसं लिहिलं की माझा दोष लहान होतो.

मग आपण काठावर उभे राहिलो. शुक्र वर झळकत होता. आणि त्याच्या खाली, डाव्या बाजूला मला बुध दिसला. स्पष्ट. अगदी परवासारखा. त्याच क्षणी तू ओरडलास, "तो बघ बुध! दिसला ना?"

दिसला होता, प्लासिड. मी पाहिला होता.

एक विमान समुद्रावरून येत होतं, हे खरं. त्याचा दिवाही तिकडेच कुठेतरी होता. मी त्याचा फायदा घेतला. मनात आलं, आता हो म्हटलं की पाचही ग्रह पूर्ण. वही पूर्ण, वाडी विकलेली, आणि हा सगळं आवरून निघणार. मला ते आवरून द्यायचं नव्हतं. म्हणून म्हणालो, "विमान आहे." तू म्हणालास, "नीट बघ." मी म्हणालो, "तूच डोळे तपासून घे, ड्रायव्हर."

तू तीस वर्षं एसटी चालवलीस. अर्नाळ्यापासून जव्हारपर्यंत, एकदाही कोणाला ओरखडा नाही. तुला मी ते म्हणालो, आणि रात्री जेवून ग्रुपवरही टाकलं.

मी खोटं बोललो, आणि खऱ्या माणसाला खोटं ठरवलं. वहीतली ती ओळ तुझी आहे. हवं तर तुझ्या एकट्याच्या सहीने भरू, नियम मोडून. तारीख ६ मार्च २०२५.

मला एवढंच पाहिजे की १९ला तू माझ्या शेजारी उभा असावास. नाही आलास तर मी समजेन. पण ये.

रामनाथ

*

विरार पश्चिम
१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

रामनाथ,

मला पत्र लिहायची सवय नाही. आयुष्यभर लॉगशीट लिहिली, त्यात गाडी नंबर आणि किलोमीटर. चूक झाली तर द्वारकेकडून वाचून घे.

तुझं पत्र काल मिळालं. ज्युलीने विचारलं, काय लिहिलंय? मी म्हटलं, हवापाणी. आज सकाळी चर्चमध्ये कपाळावर राख लावून घेतली, घरी आलो आणि बसलो लिहायला. उपवासकाळाच्या पहिल्याच दिवशी खोटं घेऊन बसायला नको.

तू बुध पाहिलास हे मला तेव्हाच कळलं होतं. तुला काही नवीन दिसलं की तुझं तोंड उघडं राहतं. त्या दिवशी एक डास आत गेला होता, तू खोकलास, आठवतं? तेव्हा माझी चिडचिड तू खोटं बोललास याची नव्हती.

आता माझं ऐक. मला बुध दिसला नव्हता.

मला काहीच धड दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शुक्र पिंजलेल्या कापसासारखा दिसायचा. जानेवारीतल्या चार सह्यांपैकी शनीची सही मी तुझ्या शब्दावर केली. त्या दिवशी काठावर एक उजेड दिसला, वाटलं हाच असेल, ओरडलो. म्हटलं तू हो म्हणशील, सही होईल, आणि माझ्या डोळ्यांचं कोणाला कळणार नाही. तू म्हणालास विमान. ते विमानच होतं. सरकायला लागलं तेव्हा मलाही कळलं. आणि वर तू म्हणालास, ड्रायव्हर, डोळे तपासून घे. सगळ्या जगात एकालाच ते कळू द्यायचं नव्हतं, आणि तो ग्रुपवर लिहून मोकळा.

म्हणजे तू खरं पाहून नाही म्हणालास, मी न पाहता हो म्हणालो. वहीतली ती ओळ माझी नाही. तुझी आहे.

वाडीचंही त्याच डोळ्यांमुळे. मी पालकाच्या वाफ्यातलं गवत ठेवून पालक उपटायला लागलो होतो. द्वारकेला दिली ती जुडी ज्युलीने निवडलेली होती. तुला सांगितलं असतं तर म्हणाला असतास, तुझे वाफे मी शिंपतो. आणि खरंच शिंपले असतेस, त्या कंबरेने. म्हणून नाही सांगितलं.

नोव्हेंबरात दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. आता गॅलरीतून अर्नाळ्याच्या होड्या मोजतो. बुध गेले सहा दिवस रोज बघतोय. एकटा. एकट्याचा धरायचा नाही, असा कोणीतरी नियम केलाय.

बावखलाकडे मी येत नाही, पत्रे बघवणार नाहीत. तू इकडे ये. उद्या शिवजयंतीची सुट्टी आहे, ॲंजेला पाच वाजता गाडी घेऊन येईल. हे पत्रही आज तीच आणून देईल, तुझ्या पोस्टाच्या भरवशावर राहिलो तर बुध बुडेल. द्वारकेलाही आण. लिफ्टला घाबरू नकोस.

प्लासिड

*

सांडोर
शुक्रवार, २० फेब्रुवारी

प्रिय प्लासिड,

काल रात्री साडेनऊला तुझ्या घरून निघालो आणि आज सकाळी पत्र लिहायला बसलो. द्वारका म्हणते, आता काय राहिलं लिहायचं? एक गोष्ट राहिली आहे, तिच्याकडे येतो.

आधी हे लिहून ठेवतो, कारण वहीत अजून लिहिलेलं नाही. १९ फेब्रुवारी, संध्याकाळी सात वाजून आठ मिनिटं. तुझी गॅलरी, सतरावा मजला. समुद्राच्या पट्टीवर शुक्र, अगदी बुडायच्या बेतात. वर दोन दिवसांचा चंद्र, त्याच्याही वर डावीकडे शनी. तू पडदा बाजूला सारायच्या आतच म्हणालास, "तो बघ."

मला दिसेना. दहा मिनिटं दिसेना! तुझे नवे डोळे, माझे जुने.

"अरे, चंद्राच्या सरळ खाली. एक मूठ."

"तुझी मूठ की माझी?"

"माझी. तुझं ते लिंबू आहे, मूठ नाही."

ज्युली म्हणाली, "दोघांची वयं मिळून एकशे चाळीस, आणि मुठी मोजतायत." ॲंजेला मोबाइल रोखून उभी, "रामनाथ काका, ॲपमध्ये दाखवू का?" आणि तू तिच्यावर ओरडलास, "ॲप नको! त्याला शोधू दे!" शेवटी द्वारकेने माझा चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत नाकावर ठेवला. दिसला. तेव्हा तू हळूच विचारलंस, "विमान नाही ना?" आणि मी मूर्खासारखा दोन मिनिटं टक लावून बघत राहिलो, सरकतो का म्हणून. नाही सरकला. तोंड उघडं होतं, हेही तू सगळ्यांना दाखवलंस.

मग तू वही मागितलीस आणि ती मी घरी विसरलो होतो. सुकेळीच्या चार पुड्या आठवणीने घेतल्या, वही राहिली. तीस वर्षं एकही पत्र न हरवलेला माणूस. तुझं हसणं पंधराव्या मजल्यापर्यंत गेलं असणार. त्यातल्या दोन पुड्या तू आमच्यासमोरच संपवल्यास, उपवासकाळ चालू असताना. ज्युलीने विचारलं तर म्हणालास, फळ आहे.

आता राहिलेली गोष्ट. खाली सोडायला आलास तेव्हा लिफ्टमध्ये आणखी चार माणसं होती, एकाच्या हातात कुत्रा. तू आरशाकडे बघत म्हणालास, "इथे आकाश भरपूर आहे रे. गॅलरीतून अर्धं दिसतं, गच्चीवरून सगळं. पण मी काही दाखवलं की सगळे लगेच हो म्हणतात. न बघता. ॲंजेला हो म्हणते, ज्युली हो म्हणते, वॉचमनपण हो म्हणतो. खोटं बोलतोस, असं म्हणणारा कोणी नाही."

मला काहीतरी बोलायचं होतं. कुत्रा माझ्या चपलेचा वास घेत होता. मी म्हणालो, "ॲंजेलाने गाडीची किल्ली घेतली ना?" आणि दार उघडलं.

किल्लीचं सोड. जे म्हणायचं होतं ते हे. इथे सांडोरला पालक, अळू, वांगी सगळं नीट आहे. बावखलही आहे, निदान माझ्या बाजूचं. पण संध्याकाळी काठावर गेलो की मीच बघतो आणि मीच हो म्हणतो. अकरा महिने मला वाटत होतं की मी तुझ्यावर रागावलो आहे. राग असा नसतो. राग आला की माणूस दुसऱ्याचे वाफे हिरवे आहेत का, ते रोज पत्र्याच्या फटीतून बघायला जात नाही.

वसईहून विरारला बस आहे, मी चौकशी केली. दर गुरुवारी साडेपाचला येईन, आठला निघेन. येत्या गुरुवारपर्यंत बुध बहुतेक दिसेनासा होईल. पण शुक्र रोज थोडा थोडा वर येतोय, तो पावसाळ्यापर्यंत पुरेल. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गुरू त्याच्या अगदी शेजारी येणार आहे, ढगांनी सोडलं तर बघू. ढगांनी नाही सोडलं तरी मी येईन, विमानं असतातच.

तू गॅलरीत उभा राहा आणि दिसेल त्याच्याकडे बोट दाखव. मी नीट बघेन. पण आधी नाहीच म्हणेन.

तुझा,
रामनाथ